आत कोण आहे? मातीचा गोलेम घडवण्याआधी

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तू डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतोस, टेबलाभोवती बसून, फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ. तुझ्या टेबलावरचा जादूगार दहाव्या लेव्हलला पोहोचलाय आणि गावच्या बांधावर पहारा द्यायला त्याला मातीचा गोलेम, म्हणजे जादूने चालणारा पुतळा, घडवायचाय. नियमपुस्तकात तुला एक जादूई ग्रंथ, ६५,००० सोन्याची नाणी आणि ३० दिवस एवढंच सापडलं. खेळाच्या जगात असे कृत्रिम जीव बनतात तरी कसे, प्रकाराप्रकारांत फरक काय, आणि ‘पैसे वजा कर, गोलेम घे’ अशी दुकानदारी होऊ नये म्हणून डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, काय करायचं, हे तुला हवंय.

गोव्यात, फोंड्यात, आमच्या घराच्या बलकांवावर (ओसरीवर) मी गेली अठरा वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतेय. तेवढ्यात सात-आठ गोलेम, दोन होमन्क्युलस (ते काय, पुढे सांगते) आणि एक बोलका माड जन्माला घातलाय. त्यातले निम्मे तरी फसले, म्हणून थोडं सांगू शकते.

पुस्तकाने तुला चुकीचं काही सांगितलेलं नाही. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत (वेगळं सांगितलं नाही तिथे पुढचे आकडेही तिथलेच) गोलेमचा ग्रंथ असतो आणि तो चार प्रकारांत मिळतो. मातीचा ३० दिवसांत, ६५,००० नाण्यांत. मांसाचा सगळ्यात स्वस्त, ५०,०००, पण ६० दिवस. दगडाचा ९० दिवस आणि ८०,०००. लोखंडाचा १२० दिवस आणि पुरा एक लाख. ग्रंथ वापरणाऱ्याकडे पाचव्या पातळीचे किमान दोन स्पेल स्लॉट हवेत (एका स्लॉटमध्ये त्या पातळीचा एक मंत्र टाकता येतो), म्हणूनच तुझा जादूगार दहाव्या लेव्हलला येईपर्यंत गप्प होता; नवव्याला एकच स्लॉट असतो. लायकी नसताना कोणी ग्रंथ वाचायला गेला तर त्याच्या डोक्याला सहा फाशांचा फटका बसतो. काम सलग करायचं, ग्रंथ हाताशी ठेवायचा, दिवसाला आठ तासांच्या वर विश्रांती नाही. शेवटी ग्रंथ आपोआप पेटतो आणि त्याची राख मूर्तीवर भुरभुरली की मूर्ती हलते.

राखेची ही गोष्ट लक्षात ठेव. ग्रंथ एकदाच वापरता येतो, म्हणजे प्रत्येक गोलेममागे एक पुस्तक जगातून कायमचं जातं. हे बऱ्याच डीएमच्या लक्षातच येत नाही. माझ्या जगात गोलेम करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त राग ग्रंथपालांना येतो.

पण हे सगळं झालं बिल. बिल बघून जेवण कसं होतं ते कळत नाही. कुठलाही कृत्रिम जीव टेबलावर आणण्याआधी मी स्वतःला एकच विचारते: आत कोण आहे? शरीर मातीचं की लोखंडाचं हा नंतरचा भाग. आत कोणीच नाही, का कोणाला तरी कोंडलंय, का करणाऱ्याचाच एक तुकडा आहे, का तो जीव स्वतःचा स्वतः आहे? याचं उत्तर ठरलं की तो हुकूम कसा पाळेल, बिघडला तर कसा बिघडेल आणि मोडताना खेळणाऱ्यांना कसं वाटेल, हे सगळं त्याच्या मागून येतं.

आत कोणीच नाही, हा सगळ्यात सोपा प्रकार. वस्तू सजीव करण्याचा पाचव्या पातळीचा मंत्र आहे. दहा लहान वस्तू उठतात, हाणामारी करतात आणि फार तर एका मिनिटात परत खुर्च्या-तांबे होऊन पडतात. त्यात जीव नाही, नुसती चावी आहे. आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात, सळ्यांचा सांगाडा, आत गवत, वर रंगीत कागद, मुखवटा, आणि हल्ली मोटर लावून मान फिरवणारे, हात उचलणारे. पहाटे जाळायचेच असतात, त्यामुळे मुलांना त्यांच्याबद्दल अभिमान असतो पण दया नसते. या मंत्राचं वर्णन करताना मी तोच भाव धरते. आवाज, धडपड, गंमत, मग संपलं. याच्यावर जास्त वेळ घालवू नकोस.

करणाऱ्याचा तुकडा आत असतो तो होमन्क्युलसमध्ये. माती, राख, मँड्रेक नावाच्या वनस्पतीचं मूळ आणि करणाऱ्याचं स्वतःचं रक्त. २०१७ साली आलेल्या पूरक नियमांत त्याचा सहाव्या पातळीचा मंत्र आहे: तासभर लागतो, १,००० नाण्यांचा रत्नजडित खंजीर लागतो, आणि तो खंजीर स्वतःला मारून घ्यावा लागतो. त्याने होणारी इजा कुठल्याही युक्तीने कमी करता येत नाही. एका वेळी एकच होमन्क्युलस ठेवता येतो. तो जे बघतो-ऐकतो ते मालकाला कळतं, मालकाला जे माहीत असतं ते त्यालाही, आणि मालक मेला की तोही जातो. मांजराएवढा जीव, पाच हिट पॉइंट, म्हणजे एवढाच मार तो सोसतो. खेळणारे त्याला हेर म्हणून वापरतात आणि मग विसरतात की मालकाची सगळी गुपितं त्या पाच हिट पॉइंटांच्या पोटात फिरतायत. एकदा माझ्या खलनायकाने होमन्क्युलसला मारलं नाही, नुसतं पिंजऱ्यात ठेवून त्याच्याशी गप्पा मारल्या. त्याला बोलता येत नाही, पण मान हलवता येते. त्या रात्री टेबल अगदी गप्प झालं होतं.

नक्कल, म्हणजे सिम्युलॅक्रम, हा वेगळाच मामला. सातवी पातळी, बारा तास, १,५०० नाण्यांची माणकाची पूड, आणि माणसाच्या मापाचा पुतळा होईल इतकं बर्फ. मूळ माणसाचे निम्मे हिट पॉइंट, खर्च झालेले स्लॉट परत मिळत नाहीत, नवीन काही शिकत नाही, आणि मेला की पाणी. नियमात बर्फ पडलेलं असो की गोठवलेलं, दोन्ही चालतं. आमच्या एका खेळाडूने थेट मासळी बाजारातल्या लादीवर दावा केला. मी होय म्हटलं, पण त्या नक्कलेला कॅम्पेन (ती सगळी गोष्ट) संपेपर्यंत बांगड्याचा वास येत राहिला, आणि राजदरबारात तिचं एकही खोटं पचलं नाही.

जीव स्वतःचा स्वतः असतो, असे दोन मला माहीत आहेत. पहिला, जाग आणण्याचा मंत्र. आठ तास लागतात, १,००० नाण्यांचा अकीक खर्ची पडतो, आणि प्राणी किंवा झाड माणसासारखं विचार करायला, बोलायला लागतं. पहिले ३० दिवस ते तुमच्या मोहात असतं. एकतिसाव्या दिवशी तुम्ही त्याला कसं वागवलंत त्यावर ते ठरवतं. माझ्या माडाने रेंदेराने (माडाची सूर काढणाऱ्याने) चढण्यासाठी खोडावर मारलेल्या खाचा एकेक करून मोजून दाखवल्या होत्या. दुसरा, वॉरफोर्ज्ड. हा एबेरॉन नावाच्या जगातला, जे कीथ बेकरने रचलं आणि २००४ साली पुस्तकात आलं. लाकूड, धातू आणि दगडाचे हे सैनिक कॅनिथ घराण्याच्या भट्ट्यांत लढाईसाठी घडवले गेले. युद्ध संपल्यावर थ्रोनहोल्डच्या तहाने त्यांना स्वातंत्र्य दिलं आणि त्याच तहाने नवे घडवायला बंदी घातली. म्हणजे मोकळे झाले, पण पुढची पिढी नाही. वॉरफोर्ज्ड खेळणाऱ्या मुलाने एकदा पात्राच्या आवाजात विचारलं होतं, “माझं बारसं कोणी केलं?” त्याला उत्तर द्यायला मला दोन सेशन, म्हणजे खेळाच्या दोन बैठका, लागली.

आता तुझा गोलेम. इथे आत कोणाला तरी कोंडलेलं असतं. नियमांच्या जगात गोलेमला चालवतो तो पृथ्वीतत्त्वाच्या लोकातून आणलेला आत्मा. त्याला आठवण नाही, स्वभाव नाही, पूर्वायुष्य नाही, नुसती ताकद. त्याला कोणी विचारलेलं नसतं, आणि तुझ्या गोष्टीचं बी तिथेच आहे.

मी पहिल्यांदा मातीचा गोलेम चालवला तेव्हा आईने बाहेर येऊन स्पष्ट सांगितलं, देवाला तुझ्या खेळात ओढू नकोस. माझं आजोळ मयेचं, मामाची गणपतीच्या मूर्ती घडवायची चित्रशाळा, त्यामुळे माझी वर्णनं सगळी तिथूनच येत होती आणि तिला ते खटकलं. मी विचार केला तेव्हा लक्षात आलं की फरक तिच्या बोलण्यातच आहे. चतुर्थीला आपण मूर्तीत देवाला बोलावतो. आवाहन करतो, आसन देतो, दीड किंवा पाच दिवस पाहुणचार, मग उत्तरपूजा, परत ये म्हणून निरोप. गोलेममध्ये यातलं काहीच नाही. ना बोलावणं, ना निरोप. तिथे पकडून आणतात. तेव्हापासून माझ्या जगात दोन पंथ आहेत: बोलावणारे आणि पकडणारे. पकडणाऱ्यांचं काम ३० दिवसांत होतं. बोलावणाऱ्यांना वर्ष लागतं, पण त्यांचा राखणदार कधी पिसाळत नाही. आपल्याकडच्या राखणदारासारखाच (गाव राखणाऱ्या दैवतासारखा) त्याला वर्षाचा मान द्यावा लागतो, रोट, सोरो (दारू), विडी, आणि मान चुकला तर तो निघून जातो. खेळणाऱ्यांना हा पर्याय सुरुवातीलाच समोर ठेव. बहुतेक जण घाईचा रस्ता घेतात. घेऊ देत. निवड त्यांनी केली पाहिजे, एवढंच.

शरीराचं. तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित नियमांत याचे तपशील फार छान होते आणि मी अजून तेच वापरते. मातीचा गोलेम एकाच गोळ्यातून घडवायचा, माती किमान १,००० पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे किलो. दगडाचा गोलेम ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडाच्या एकाच अखंड शिळेतून, ३,००० पौंड. इथे कोणी ना कोणी चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, गोलेम मागतोच. नाही म्हणायचं. चिरा मऊ, सच्छिद्र आणि तुकड्यातुकड्यांनी निघणारा. त्याचं घर होतं, गोलेम होत नाही. लोखंडाला ५,००० पौंड. मांसाच्या गोलेमला किमान सहा माणसांची प्रेतं लागतात, चार अवयवांना चार, धडाला एक, मेंदूला एक. ही यादी मी टेबलावर मोठ्याने वाचते आणि मग कोणी त्याबद्दल परत विचारत नाही. त्या आवृत्तीत करणाऱ्याचे स्वतःचे अनुभवाचे गुणही खर्च होत. ती अट गेली याचं मला अजून वाईट वाटतं. नाणी काय, ड्रॅगनच्या गुहेत पडलेली असतात.

साडेचारशे किलो माती म्हणजे काय हे खेळणाऱ्यांना कळत नाही, कारण त्यांनी माती मळलेली नसते. मी त्यांना मामाच्या चित्रशाळेतलं सांगते. माती आधी भिजत घालायची, खडे आणि मुळं काढायची, मग पायाने तुडवायची. टाच खाली दाबली की मातीतून बारीक ‘फुस्स’ आवाज येतो, आत अडकलेली हवा. ती हवा पूर्ण जाईपर्यंत तुडवायचं, नाहीतर सुकताना तिथेच भेग पडते. कापूस पिंजून मिसळायचा, म्हणजे माती धरून राहते. आषाढात हवेतच इतकं पाणी असतं की मूर्ती सुकतच नाही. मामा रात्रभर दिवे लावून ठेवायचा, आणि एका बाजूने जास्त ऊब लागली की दुसऱ्या दिवशी कानामागे केसाएवढी रेघ. ती रेघ दिसली की तो बोट ओलं करून नुसता फिरवायचा, काही बोलायचा नाही. डोळे सगळ्यात शेवटी.

आता हे नियमात कसं बसवायचं ते सांगते, कारण नुसतं वर्णन केलं की दहा मिनिटांत टेबलावर फोन बाहेर येतात. ३० दिवसांचे चार आठवडे धर, दोन दिवस राखेसाठी. प्रत्येक सेशनला एक आठवडा जाऊ दे. बाकीचे खेळाडू आसपास आपापली साहसं करतील, जादूगार मात्र बांधलेला. प्रत्येक आठवड्याला कुंभारकामाच्या हत्यारांवर एक फासा, अवघडपणा १५, म्हणजे निदान १५ यायला हवेत. हुकला तर काम फसत नाही. फसवलंस तर खेळाडू चिडेल आणि बरोबरच चिडेल. हुकला तर मूर्तीत एक खोट राहते. ती खोट तू गुपचूप कागदावर लिहून ठेव. माझ्याकडची एक खोट अशी की मानेला भेग, म्हणून पिसाळण्याची मर्यादा वर सरकते. दुसरी अशी की मातीत शेतातली शिंपली राहिली, त्यामुळे ओहोटीला तो मंदावतो. खेळाडूला कळू दे की काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते नको.

आणखी एक युक्ती मला राजा भोजाकडून मिळाली. अकराव्या शतकातला धारचा राजा, ‘समरांगणसूत्रधार’ हा त्याचा वास्तुशास्त्रावरचा ग्रंथ. त्यातला एकतिसावा अध्याय यंत्रांचा आहे, लाकडाचा उडता पक्षी, हलत्या बाहुल्या, दारावर पहारा देणारे यंत्रपुरुष. आणि तिथे तो सरळ म्हणतो की यंत्रांची जोडणी मी पूर्ण सांगितलेली नाही, ती गुप्त राहावी म्हणून. मला येत नाही म्हणून नव्हे. केवढा रुबाब! माझ्या जगातल्या प्रत्येक गोलेमग्रंथात तेव्हापासून एक पायरी गाळलेली असते, आणि ती माहीत असणारा म्हातारा कुठेतरी दूर, रागीट आणि कर्जबाजारी असतो.

पिसाळणं. मातीच्या गोलेमला १३३ हिट पॉइंट. ६० किंवा त्याखाली आला की प्रत्येक वळणाला सहा बाजूंचा फासा, सहा पडला की सुटला. मग समोर जवळचं जे दिसेल ते फोडतो. मांसाच्या गोलेमला त्याचा करता साठ फुटांच्या आत असेल तर समजावून शांत करू शकतो. मातीच्याला नाही. तो नष्ट होईपर्यंत किंवा सगळे हिट पॉइंट भरून निघेपर्यंत थांबत नाही. यात एक पळवाट आहे, जी फार थोड्यांना सुचते. ॲसिडने मातीचा गोलेम जखमी होत नाही, उलट भरून येतो. म्हणजे पिसाळलेल्या गोलेमवर ॲसिड ओतत राहिलं, पूर्ण भरला, की शांत. हिशेब मात्र कर. एका बाटलीत दोन फाशांचं ॲसिड, सरासरी सात. पन्नासवर असलेल्या गोलेमला बारा बाटल्या लागतात, आणि तेवढा वेळ तो तुमच्या हाडांचं काय करेल ते बघ.

शेवटी हुकूम, आणि हाच माझ्या मते सगळ्यात अवघड भाग, कारण यात फासा नाही. गोलेमला करणाऱ्याच्या भाषा समजतात, बोलता येत नाही. बुद्धी तीन, म्हणजे अगदीच कमी. हुकूम शब्दशः कळतो, त्यामागचं मन कळत नाही. त्याच्याशी वाद घालता येत नाही, त्याला शब्दांत फसवताही येत नाही. म्हणून माझ्या टेबलावर नियम आहे: हुकूम खेळाडूने स्वतः, मोठ्याने, एकाच वाक्यात बोलायचा, आणि मी तो कागदावर जसाच्या तसा उतरवते. नंतर ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ चालत नाही.

याचं उदाहरण आमच्याच खेळातलं. त्यातलं गाव खाडीकाठचं होतं, खाजनशेतीचं, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेल्या शेतीचं. खेळाडू सगळे इथलेच, त्यामुळे मानस म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही, पण तुझ्या टेबलावर बाहेरचे असतील तर सांग: बांधातलं लाकडी दार. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून उघडतं आणि बाहेर जातं. आमच्या गावावर चेटकीण होती, ती रात्री दार उचकटून शेत खारवून टाकायची. म्हणून गोलेम. जादूगार खेळणारा मुलगा, हुशार, इंजिनीअरिंगचा, उभा राहून म्हणाला: “ह्या दारातून खारं पाणी आत येऊ देऊ नकोस.” मी लिहून घेतलं. कोणाला त्यात काही खटकलं नाही. मलाही त्या क्षणी नाही, खरं सांगते. घरी भांडी घासताना सुचलं.

खेळाडूंची पात्रं, ते चौघे, भुयारात गेले, गावात आषाढ लागला. गोलेम खाडीच्या बाजूने दाराला पाठ लावून उभा राहिला. मिटलेल्या दारातून खारं पाणी येत नाही, म्हणून त्याने दार मिटलेलंच धरलं, भरतीलाही आणि ओहोटीलाही. तीन दिवस पाऊस. आतलं पाणी बाहेर जायला वाटच नाही. गावकऱ्यांनी आधी विनवण्या केल्या, मग कुदळी आणि पारया घातल्या. साध्या हत्याराने गोलेमला ओरखडा येत नाही, हेही नियमच आहे. चौघे परत आले तेव्हा शेताचं तळं झालेलं, भात खाली, आणि दाराशी तो. हुकूम मोडलेला नाही, एक पाऊलही सरकलेला नाही. चेटकीण समोरच्या काठावर बसून हसत होती. तिने त्या आठवड्यात काहीही केलं नव्हतं.

“आतां कितें?” जादूगाराने विचारलं. तोवर योद्ध्याने तलवार काढली होती, आणि ती तलवार साधी नव्हती. तीन फेऱ्यांत गोलेम साठाखाली, मानेची भेग माझ्या कागदावर होतीच, फासा सहा. गोलेम वळला आणि त्याने मानशीच्या बाजूचा बांध फोडला. भरतीची वेळ.

इथे मला आधीची एक गोष्ट सांगायला हवी. प्रागच्या गोलेमची कथा तुला माहीत असेल, सोळाव्या शतकातला रब्बी लोव, नदीकाठची माती. त्या कथेच्या एका रूपात गोलेमच्या कपाळावर हिब्रूत ‘एमेत’ लिहिलेलं असतं, म्हणजे सत्य. पहिलं अक्षर पुसलं की ‘मेत’ उरतं, मेला. मोडण्याची चावी अंगावरच लिहायची, ही कल्पना मला फार आवडते. म्हणून घडवण्याच्या चौथ्या आठवड्यात मी खेळाडूंना सांगितलं होतं, याच्या कपाळावर एक शब्द कोरा, मराठीत, आणि हाच शब्द त्याला थांबवेलही. कसा, ते तुमचं तुम्ही बघा. मी खऱ्या मातीचा वीतभर पुतळा करून नेला होता, मामाकडच्या मातीचा. बराच वाद झाला. शेवटी जादूगाराने दातकोरणीने कोरलं: अमर. त्याला ते नाव भारदस्त वाटलं.

तर बांध फुटलेला, पाणी येतंय, जादूगार स्पेल शोधत पानं उलटतोय, योद्धा ॲसिडच्या बाटल्या मोजतोय. टेबलावरची सगळ्यात लहान, अकरावीतली, चोर खेळणारी, ती मघापासून पुतळ्याकडेच बघत होती. तिने पाण्याच्या ग्लासात अंगठा बुडवला आणि पुतळ्याच्या कपाळावर हळू फिरवला. ‘अ’ गेला.

“मर,” तिने वाचलं.

जादूगार म्हणाला, “हे चालतं?” मी म्हटलं, तिला त्याच्या खांद्यावर चढावं लागेल, त्याचे दोन फटके चुकवून. तिने फासे टाकले. पहिला फटका चुकला, दुसरा बसला, आणि एक हिट पॉइंट शिल्लक ठेवून ती वर पोहोचली.

गोलेम कोसळला तेव्हा मी विचारलं, आता या साडेचारशे किलो मातीचं काय करायचं. कोणी उत्तर दिलं नाही. मग योद्धा म्हणाला, बांधाला भगदाड पडलंय ना, त्यात घालू. गावकरी आणि ते चौघे मिळून रात्रभर पाट्या वाहत होते, पुढची भरती यायच्या आत. पुतळा मुलांनी परत दिला नाही. तो अजून त्या मुलीच्या घरी आहे, कपाळावर दोनच अक्षरं असलेला.